गढूळ

टॉवेलात गुंडाळून आणली बाटली.
टॉवेल इथलाच, पण घेतला पणजीत.
दुकानदार म्हणाला, खास सोलापुरी आहे, ताई,
आणि मी भाव न करता पैसे दिले.

एप्रिल. रात्रीचे साडेअकरा. भिंती अजून तापलेल्या.
अशोक चौकाकडून एकच माग ऐकू येतो,
बाकीचे कधी थांबले ते लक्षात राहिलं नाही.
आई उंबऱ्यात. आज पाचवा दिवस,
पाणी दीडला सोडतो म्हणालाय चावीवाला.

नाना म्हणाले, कर की मग.
तिथं परक्यांना करून देतेस,
आम्ही काय पाप केलंय?

चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
आणि घरात धड ग्लास नाही.
आइस्क्रीमचे दोन कप सापडले, खाली पाय असलेले,
अक्काच्या लग्नातला आहेर, अजून कागदात.
शेकर म्हणून ताकाचा डबा,
तीनदा घासला तरी हिंग धरून बसलेला.
बर्फ गोळेवाल्या इरण्णाकडचा,
फडक्यात बांधून बत्त्यानं फोडला.
ऑलिव्हची बरणी सात रस्त्याच्या पिझ्झावाल्यानं दिली,
अर्धी, उपकार केल्यासारखी.

ही काय, भोकरं? आई लांबूनच.
भोकरंच म्हण.

जिन साठ मिली. मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण,
दहाचं, सहा वेळा.
व्हर्मूथ नुसती कपात फिरवली आणि ओतून दिली
(नानांचा जीव तिथंच हळहळला).
मग बरणीतलं खारं पाणी.
ह्यानंच ती गढूळ होते, मी म्हटलं,
नावच तसं आहे, डर्टी म्हणतात, पैसे जास्त घेतात.

नाना हसले.
गढूळ पाण्यात चाळीस वर्षं कोपरापर्यंत हात होते,
आम्हाला कोण जास्त देत नव्हतं.

आणि मी अडवायच्या आत
बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं. डोळे मिटले.

जेवणाचा डबा घेऊन जायचे मी डायहाऊसला,
तेव्हा बघितलंय हे:
वाफ, लाल सूत, हौदाच्या काठावर माझा बाप
रंगाचं पाणी चाखतोय.
मला वाटायचं त्यांना भूक लागलीये.
मीठ कमी पडलं तर रंग सुताला धरत नाही,
जास्त झालं तर धावत येऊन एकाच जागी बसतो, डाग पडतो.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा.

उप्पु लई आहे, म्हणाले.
मीठ त्यांच्या तोंडात अजून तेलुगूच.
किती घालतेस?
पंधरा.
दहा घाल. ढवळ. मग बघून दोन थेंब.
मीठ कधी एकदम द्यायचं नाही.

पणजीत हेच शिकवायला एक गोरा आला होता,
तीन दिवस, गळ्यात ओळखपत्र अडकवून.
तो पंधरा म्हणाला होता.

लांब चमचा नव्हता, उलथन्याच्या दांड्यानं ढवळलं.
डब्याला बाहेरून घाम फुटला.
चहाच्या गाळणीतून कपात:
पांढुरकं, जरासं हिरवट, तांदळाच्या धुवणासारखं.

एकच घोट घेतला त्यांनी. तोंडात ठेवला बराच वेळ.
गिऱ्हाइकांची तोंडं मला वाचता येतात, पोट भरतं त्यावर,
हे एक येईना.
मग उठून कप ट्यूबलाइटखाली धरला,
पिळलेली लड धरायचे तसा,
इकडून, तिकडून.
धरलाय, म्हणाले.

उरलेली मी प्यायले. दहाच बरोबर होते.
आईनं एक ऑलिव्ह शेंगाचटणीत घोळवून
कडक भाकरीच्या तुकड्यावर ठेवून खाल्लं,
आणि बी कुठंय, बी कुठंय करत राहिली.
बी आधीच काढलेलं फळ
तिला फसवल्यासारखं वाटलं.

दीड म्हणता म्हणता दोनला नळ खोकला.
पहिलं पाणी तांबूस येतं नेहमी.
जाऊ दे थोडं, आई म्हणाली, घागर मागं घेत.
थांब, म्हणाले नाना,
आणि धारेखाली बोट धरलं.